रिकाम्या खोलीतला दिवा

भर दुपारी, लख्ख उन्हात, केतकी शेट्येने लेकीच्या खोलीतला निजायचा दिवा लावला, वाफेचं यंत्र सुरू केलं, छोटा पंखा फिरता सोडला आणि दार ओढून घेऊन ती कामाला बसली. खोलीत कुणीही नव्हतं. लेक अंगणापलीकडे, काकूकडे होती. ती हल्ली तिथेच असायची, आणि सगळं दुखणं तेच होतं.

देवरूखच्या पुढे सड्यावर, उघड्या कातळमाळावर, शेट्ये भावांची दोन घरं समोरासमोर आहेत. थोरला जहाजावर, सहा महिने समुद्रात, मग थोडे दिवस घरात. धाकटा हेरंब, केतकीचा नवरा, कोल्हापूरच्या कारखान्यात; शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी उजाडायच्या आत जातो. त्यामुळे एका घरात वृंदावहिनी, दुसऱ्या घरात केतकी, आणि दोन्ही घरांत मिळून एकच मूल, पाच वर्षांची मैथू. वृंदावहिनींना मूलबाळ नाही. हे कुणी बोलून दाखवत नसे.

अंगणाच्या मधोमध एक लोखंडी खांब आहे आणि खांबावर एक राखाडी पेटी. पेटीचं कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं. गावाने पहिल्याच आठवड्यात ते टाकून दिलं आणि तिला राखणदार म्हणायला सुरुवात केली. कोकणात शेताला, विहिरीला, पाणंदीला राखणदार असतो. विजेच्या तारांनाही एक आला, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. बायकांनी दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायची, हेही न सांगता ठरून गेलं.

राखणदाराचं काम समजायचं तर आधी सड्याची जमीन समजायला हवी. वीज दूर कुठेतरी पडली तरी तिचा धक्का तारांमधून पळत येतो. आता तर घराघराच्या छपरावर सूर्याचे पत्रे, आणि सगळ्या वाडीचे पत्रे एकमेकांना जोडलेले. एकाच्या छपरावरचा धक्का दहा जणांच्या स्वयंपाकघरात शिरतो. डोळ्याचं पातं लवायच्या हजाराव्या हिश्शात हा लोंढा येऊन जातो आणि तेवढ्यात टीव्हीची पाठ जाळतो, फ्रिजचं डोकं बिघडवतो. यावर जुना इलाज होता तारेत बसवलेल्या चकतीचा. ही चकती एरवी दगडासारखी गप्प बसते. दाब वाढला की एकदम वाट मोकळी करते आणि लोंढा जमिनीकडे वळवते. पण जमिनीने तो पोटात घ्यायला हवा ना. सड्याखाली सगळा जांभा दगड. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा घाला, मीठ घाला, उन्हाळाभर पाणी ओता, जांभा काही वीज लवकर पीत नाही. मग चकती जळायची आणि तिच्यामागून घरातलं सगळं. म्हणून ढग आले की सड्यावरच्या बायका आधी वाळत घातलेलं नाही, आधी प्लग काढायला धावत.

राखणदाराने ही धावपळ संपवली. त्याच्या पोटात एक टाकी होती. पाण्याची नव्हे, विजेची. लोंढा आला की तो आधी टाकीत भरून घ्यायचा आणि मग घोट घोट, जांभ्याला झेपेल एवढाच, तास-दीड तास जमिनीत सोडत राहायचा. टाकी महाग, म्हणून वीज सोसायटीने दोन घरांत एक दिली. छोटा धक्का असला तर दोन्ही घरं सुखरूप. मोठा असला तर टाकी एकाच घराला पुरे; दुसऱ्याच्या वाट्याला जुनी चकती आणि नशीब.

मग पहिलं घर कुठलं? सुरुवातीला हे लोकांनाच विचारून पाहिलं होतं. सगळ्यांनी शहाण्यासारखी उत्तरं दिली: म्हाताऱ्यांची औषधाची यंत्रं, मुलांचा अभ्यास. पण प्रत्यक्षात वीज गेली की माणसं भलतीकडेच धावत. कुणी माशांच्या टाकीकडे, कुणी वारलेल्या बापाच्या रेडिओकडे. तेव्हा यंत्र बनवणाऱ्यांनी विचारणं सोडलं आणि राखणदाराला ऐकायला शिकवलं. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची उठायची तऱ्हा वेगळी असते. फ्रिज उठताना दचकतो, मिक्सर बोंबलत उठतो, दिवा नुसता डोळा उघडतो. राखणदाराला माणसं दिसत नाहीत, पण तारेतल्या या हालचालींवरून कुठल्या घरात जीव आहे ते तो ओळखतो. आणि सर्वांत जास्त वजन तो देतो संकटात माणसाचा हात कुठे जातो त्याला. ढग दाटलेले असताना माणसाने आपल्या हाताने काय चालू ठेवलं, काय बंद केलं, तो धडा राखणदार कधी विसरत नाही. निवाडा झाला की पेटीवर दोन ठिपके उमटतात: पहिल्या घराच्या बाजूला हिरवा, दुसऱ्याच्या बाजूला पिवळा.

हिरवा ठिपका वृंदावहिनींच्या बाजूला होता.

केतकीच्या ते लक्षातही आलं नसतं. मैथूनेच एकदा जेवताना विचारलं, काकूचं घर हिरवं आणि आपलं पिवळं का? केतकीने सोसायटीत फोन केला. तिथला माणूस मोठ्या अदबीने म्हणाला, "ताई, जिथे घर जागं असतं ना, तिथे हिरवा येतो."

म्हणजे हे घर झोपलेलं होतं तर. केतकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच घरात, कानांवर हेडफोन चढवून, एका विमा कंपनीसाठी लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. कुणाचं वॉशिंग मशीन जळलं, कुणाचा पंप. साऱ्या महाराष्ट्राच्या जळक्या वस्तू तिच्या कानांत येऊन पडायच्या. पण एक लॅपटॉप आणि एक हेडफोन, त्यांना वीज लागते चिमणीच्या घोटाएवढी. राखणदाराला वाटायचं, इथे कुणी नाहीच. समोर मात्र मिक्सर, घरघंटी, गाणी, आणि मैथूने शंभरदा उघडलेला फ्रिज.

शिवाय अंड्यांची पेटी. वहिनींनी गावठी अंडी उबवायची एक काचेची पेटी आणली होती. केतकीला ती गोष्ट पुरती आठवत होती, कारण ती विसरायचा तिने फार प्रयत्न केला होता. वहिनींनी खोलीत अंधार करून अंडं बॅटरीपुढे धरलं होतं आणि मैथूला आत लाल शिरांचं जाळं दिसलं, जाळ्यात एक टिंब, आणि टिंब उडत होतं. मैथू अंगणातून धावत आली, अनवाणी, धापा टाकत. केतकी फोनवर होती. जळगावचे कुणी गृहस्थ आपल्या इन्व्हर्टरबद्दल रडत होते. केतकीने लेकीकडे न बघताच एक बोट वर केलं. थांब.

मैथू थांबली. थोडा वेळ एका पायावर, थोडा वेळ दुसऱ्या. मग परत गेली. त्यानंतर ती अशी धावत सांगायला आली नाही.

तेव्हापासून केतकीला सगळं दिसायला लागलं. लेकीच्या केसांना समोरच्या घराच्या तेलाचा वास. वेणी काकूसारखी, तिरप्या भांगाची. पडली, गुडघा फुटला, तर तोंडून "काकू". भाताचा पहिला घास घेतला की नाक मुरडून सांगायची, काकू मेतकूट वर नाही घालत, आत घालते. केतकी रात्री तिच्या केसांवरून हात फिरवायची आणि तो तेलाचा वास नाकाला लागला की हात मागे घ्यायची. मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा फिरवायची. वृंदावहिनींनी कधी तिला उणा शब्द बोललेला नव्हता. उलट लेक सांभाळतात म्हणून केतकीची नोकरी चालली होती. हे उपकार असे होते की त्यांच्याबद्दल तक्रारही करता येत नव्हती. माणसाला चिडायलाही जागा न ठेवणारं भलेपण फार जड असतं.

म्हणून तो दिवा, ते वाफेचं यंत्र, तो पंखा. मैथू खोलीत असताना जे जे चालतं ते सगळं केतकी मैथू नसताना चालवू लागली. फ्रिजसुद्धा उगाच उघडून, लहान मूल ठेवतं तसा उघडा ठेवायची. नवऱ्याला कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता. पण राखणदार हसला नाही, तो ऐकत राहिला. नवरात्राच्या सुरुवातीला एका सकाळी ती दात घासत ओटीवर आली आणि बघते तर हिरवा ठिपका तिच्या घराकडे तोंड करून होता.

तिने चूळही भरली नाही, तशीच उभी राहिली. मग मैथूला उठवून दाखवलं, बघ, आपलं घर हिरवं झालं.

मैथूने डोळे चोळत बघितलं. तिचं तोंड एवढंसं झालं. "काकूचं पिवळं झालं," ती म्हणाली. "मग पिल्लांना कोण राखणार?"

केतकीने समजावलं, काही होत नाही, पाऊस परतीला लागलाय. वृंदावहिनी तुळशीला पाणी घालून उरलेलं अर्थिंगच्या खड्ड्यात ओतत होत्या, रोजच्यासारख्या. त्यांनी राखणदाराकडे पाहिलं, मग केतकीच्या घराकडे, मैथूच्या खोलीच्या खिडकीकडे, जिथे उजाडल्यावरही दिवा जळत होता. तांब्या पालथा घातला आणि आत गेल्या.

खंडेनवमीच्या दुपारी वहिनी मैथूला घेऊन देवरूखला निघाल्या. झेंडू आणायचा होता, मैथूला फ्रॉक घ्यायचा होता. फ्रॉक मी घेईन रविवारी, केतकी म्हणाली. वहिनी लगेच थांबल्या, मैथूचा हात सोडून म्हणाल्या, बरं, मग आम्ही फुलंच आणतो. पण मैथूनेच निकाल दिला. "आई, तुला काम असतं ना," ती म्हणाली. रागाने नाही. समजूतदारपणे, मोठ्या माणसासारखी. आणि काकूचा हात पुन्हा धरून गेली.

एवढा समजूतदारपणा पाच वर्षांच्या पोरीने कुठून आणला, या विचारात केतकीने फोन घेतला. नगरकडचे एक काका होते, हळू बोलणारे. घरावर वीज पडून काय काय गेलं ते एकेक करून सांगत होते. ती टाइप करत होती. पंखा, हो. शेगडी, हो. तेवढ्यात खोलीतला उजेड कमी झाला.

तिने मान वर केली. विशाळगडाच्या अंगाने आभाळ काळंशार झालं होतं, आणि त्या काळ्यात आतल्या आत, आवाज न करता, उजेड फुटत होता. परतीच्या पावसाचं हे असंच. सकाळी ऊन, दुपारी रान पेटवल्यासारखं आभाळ.

केतकीने हेडफोनचा एक कान काढला. बाहेर वारा पडला होता. समोरच्या बंद घरातून एक बारीक घरघर ऐकू येत होती; अंड्यांच्या पेटीतला पंखा. वहिनींच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली वहिनींच्या कमरेला, देवरूखच्या बाजारात. फोन लावून उपयोग नव्हता. येईपर्यंत सगळं होऊन जाणार. पेटीचं डोकं जळालं तर दसऱ्याच्या सुटीत दुरुस्तीला कुणी मिळणार नाही आणि आतली अंडी थंड पडतील. मैथूने त्यांच्यावर पेन्सिलीने तोंडं काढली होती. एकाला मिशा.

करण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि तिला ती पहिली वीज चमकली तेव्हाच सुचली होती. आपल्या घराचं मेन स्विच पाडायचं. हे घर तारेवरून उठलं की राखणदाराला एकच घर उरेल आणि अख्खी टाकी त्याला मिळेल.

ती उठली नाही.

काका म्हणत होते, मिक्सर. ती टाइप करत होती, मिक्सर. आणि मनात, अगदी तळाशी, एक आवाज हिशेब मांडत होता. मी काही केलेलं नाही. वीज मी पाडत नाही. ठिपका मी ठरवत नाही, यंत्र ठरवतं. आणि पेटी जळाली, पिल्लं झाली नाहीत, तर मैथूला समोर जायला एक कारण कमी. रडेल दोन दिवस. कुणाच्या कुशीत रडेल? माझ्याच. मी तिला थोपटेन. मी तेव्हा कामही बाजूला ठेवेन.

तो शेवटचा विचार तिला इतका गोड वाटला की तिची तीच दचकली. आपण लेकीच्या रडण्याची वाट बघत बसलोय.

पण दुसरंही खरं होतं. मेन पाडलं की गेलेच ते सगळे दिवस, तो जाळलेला दिवा, ती वाफ. ढग डोक्यावर असताना स्वतःच्या हाताने आपलं घर बंद करून समोरचं वाचवायचं. यापेक्षा मोठा धडा राखणदाराला कोण देणार? तो ठिपका फिरवेल आणि मग दिव्यांनी, पंख्यांनी, कशानेच तो परत फिरणार नाही. आणि तो ठिपका सांगणार काय? की या घरच्या बाईचा जीव त्या घरात आहे.

"ताई, ऐकताय ना?" काकांनी विचारलं.

केतकी म्हणाली, "काका, माफ करा," आणि उठली. पायांत खुर्ची आली, ती तशीच ढकलून ती ओटीवर धावली. मेनचा खटका जुना, घट्ट. एका हाताने हलेना. दोन्ही हातांनी तिने तो खाली ओढला. घर गप्प झालं. मैथूच्या खोलीतल्या पंख्याची पाती दोन-चारदा फिरून थांबली.

मग आभाळ फाटलं. आधी उजेड, मग उजेडातच आवाज, मग सडा पायांखालून थरथरला. अंगणातला राखणदार किंचाळल्यासारखा वाजला, एक उंच, बारीक सूर, टाकी काठोकाठ भरल्याचा. हवेत जळक्या नाण्यासारखा वास पसरला. केतकी ओटीच्या खांबाला धरून उभी होती. सूर हळूहळू खाली उतरला आणि त्याची टकटक झाली. घोट घोट, जांभा पीत होता. आणि त्या टकटकीच्या मागे, समोरच्या बंद दारातून, ती बारीक घरघर चालूच होती.

तिला रडू आलं. आनंदाचं म्हणावं, तर तसं नव्हतं.

संध्याकाळी दोघी भिजून आल्या. मैथू फ्रॉक दाखवायला न थांबता थेट पेटीकडे पळाली आणि तिथून ओरडून सांगितलं की सगळी आहेत, मिशीवालंसुद्धा. काकूने राखली, असं तिने जाहीर केलं. केतकीने ते ऐकून घेतलं. वृंदावहिनी झेंडूची पिशवी द्यायला स्वयंपाकघरात आल्या. त्यांची नजर ओव्हनच्या घड्याळावर गेली. घड्याळ बारा वाजल्याचं सांगत लुकलुकत होतं.

"वीज गेली होती?" त्यांनी विचारलं.

"हो, थोडा वेळ."

"आमच्याकडचं घड्याळ बरोबर आहे."

केतकी पिशवीतली फुलं सुपात ओतत राहिली. वहिनींनी सुपातलं एक किडकं फूल वेचून बाहेर टाकलं आणि निघून गेल्या.

दसऱ्याला राखणदाराला माळ घातली तेव्हा हिरवा ठिपका समोरच्या घराकडे होता. आपलं पिवळं झालं, असं मैथूने लक्षात आणून दिलं. होऊ दे, केतकी म्हणाली. तिला वाटलं होतं तेवढं ते सोपं गेलं नाही. नंतरही रोज दुपारी तिचा हात त्या दिव्याच्या बटणाकडे जायचा. ती तो मागे घ्यायची.

मग एका सकाळी वृंदावहिनींनी अंगणातून हाक मारली, ये गं लवकर, फुटतायत. केतकी फोनवर होती. पलीकडच्या माणसाला तिने सांगितलं की थोड्या वेळाने बोलते, आणि तो काही म्हणायच्या आत हेडफोन टेबलावर ठेवला.

पेटीत ओली, मळकी, म्हाताऱ्या माणसांसारखी दिसणारी पिल्लं एकमेकांवर पडत होती. मैथू पालथी झोपून काचेला नाक लावून बघत होती. आई आलेली बघून ती सरकली आणि शेजारी जागा केली. केतकीही पालथी झोपली, साडीची पर्वा न करता. दोघींच्या श्वासाने काच धुरकट झाली. मैथूने बोटाने एक पिल्लू दाखवलं, सगळ्यांत चिडकं, सगळ्यांवरून चालणारं.

"हिचं नाव आई," ती म्हणाली.

"का गं?"

"ओरडते म्हणून."

केतकीला हसू फुटलं, ते थांबेना. हसता हसता तिने मागे बघितलं. वृंदावहिनीही हसत होत्या, पण मान खाली घालून. हातातल्या फडक्याने त्या पेटीच्या काचेची एक कड पुसत होत्या. स्वच्छ होती तरी पुन्हा पुन्हा.

"मी म्हटलं, काकू ठेव," त्या म्हणाल्या. "ऐकते कुठे."

केतकीचं हसणं थांबलं. ते पुसणं तिला ओळखीचं वाटलं. दसऱ्याआधी कित्येक दिवस ती स्वतः असंच, काही कारण नसताना, काहीतरी पुसत, लावत, उघडत होती.

"पुढच्याचं ठेवेल की," ती हळूच म्हणाली.

"पुढच्याचंही तेच ठेवलंय. सगळ्यांचंच." वहिनींनी फडकं झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "सकाळी दारात पाऊल टाकल्यापासून तुझ्या लेकीचं तेवढंच चालतं बघ. आई हे म्हणते, आई ते म्हणते. कान किटले माझे."